बंपरच्या आतली शिवण

हे लिहू नकोस, असं माझ्या नवऱ्याने मला बजावून सांगितलंय. "लोक हसतील," म्हणाले.

हसू देत.

जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं... म्हणजे खरं तर माझे डोळे मिटलेले असताना घडलं. ते कसं, ते पुढे येईलच.

आणि हो, अशा गोष्टी म्हणे मध्यरात्री घडतात. माझ्या बाबतीत घड्याळात दुपारचे चार वाजत होते. उन्हाळा होता, बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. समोरच्या टायरवाल्याकडे मोठ्याने गाणी लागली होती. असल्या वेळी कोणी घाबरतं का?

मी घाबरले. अजूनही घाबरलेली आहे.

आमचं गाड्यांचं वर्कशॉप आहे. डोंगरात, नदीनाल्यात जाणाऱ्या गाड्यांना आम्ही जाडजूड लोखंडी बंपर बनवून देतो. कंपनीचा बंपर दगडाला लागला की गेला. "आमचा लागला तर दगडाची काळजी करा," असं हे गिऱ्हाइकाला सांगतात आणि स्वतःच हसतात. वेल्डिंग ह्यांचं. मापं आणि पुठ्ठ्याचे साचे माझे. मी शिंप्याची मुलगी. बाबा कापडावर खडू फिरवायचे, मी पुठ्ठ्यावर फिरवते. गाडीच्या नाकाडाला पुठ्ठा लावायचा, कापायचा, मग तोच आकार लोखंडात उतरवायचा. आधी कच्चे टाके, मग पक्की शिवण. आमच्या शेडमध्ये वेल्डिंगला शिवणच म्हणतात, माझ्यामुळे.

आता आमची ठोकायची पद्धत सांगते. सगळं तिच्यावरच आहे.

वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी बघायचा नसतो. बघितला की रात्रभर डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतं. ह्यांच्या तोंडावर काचेचा मुखवटा असतो. मी मात्र एका हाताने प्लेट धरलेली असते आणि दुसऱ्या हातातल्या छोट्या हातोडीने ती जागेवर सरकवत असते. म्हणून मी तोंड बाजूला फिरवते आणि डोळे मिटते. शेडमध्ये इतका गोंगाट, की बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून हे लोखंडावर दोनदा ठोकतात.

ठक ठक.

म्हणजे, सुरू करू का?

मी एकदा ठोकते.

ठक.

म्हणजे, धरलंय, डोळे मिटलेत, करा सुरू. शिवण झाली की हे पुन्हा एकदा ठोकतात, मग मी डोळे उघडते. माझं उत्तर आल्याशिवाय हे कधीच सुरू करत नाहीत. मला शिंक आली तरी थांबून राहतात. ही पद्धत ह्यांच्या उस्तादांची. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांशिवाय ती कोणाला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत माझ्या हाताला अशी सवय लागलीय, की दोन ठोके ऐकले की एक ठोका आपोआप पडतो. डोकं मध्ये येतच नाही.

ती पिकअप माझ्या धाकट्या भावाची. घरात त्याला बारक्या म्हणतात, आता चांगला दाराएवढा वाढलाय तरी. आईबाबा लवकर गेले. त्याची शाळा, त्याची दुखणी, त्याची थेरं, सगळं मीच काढलं. मला मूल नाही. बारक्या म्हणजे माझा जीव आहे, हे सरळच सांगते.

त्याला पहिल्यांदाच स्वतःचं काम मिळालं होतं. नदीपलीकडच्या डोंगरावर मनोरे उभारणाऱ्या लोकांना सामान पोचवायचं. त्यासाठी त्याने जुनी पिकअप घेतली. रंग नवाकोरा, आतून स्वच्छ.

"ताई, असा बंपर करा की समोरून हत्ती आला तरी तो सॉरी म्हणाला पाहिजे."

"हत्ती सोड. तू सरळ चालवलीस तरी पुष्कळ झालं," मी म्हटलं.

गाडी शेडमध्ये आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिच्या नाकाखाली वाळू दिसली.

बारीक. ओली.

मी झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पोकळ दांड्यातून गळत असावी. बारक्याला विचारलं तर म्हणाला, "गाडी पाण्यात कधी गेलेलीच नाही, विकणाऱ्याने शपथेवर सांगितलंय."

"मग वाळू काय आकाशातून पडते?"

"अगं, वर्कशॉप आहे का प्रयोगशाळा? झाडू मार."

मी झाडू मारत राहिले. वाळू येत राहिली... आणि कडक उन्हाळ्यातही ती ओलीच असायची.

बंपरचं काम छान चाललं होतं. मधे विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, बसवायची जागा, आणि दोन्ही टोकांना जाड पत्र्याच्या बंद पेट्या. त्या दुपारी डाव्या पेटीची शेवटची प्लेट लावायची होती. ह्यांनी तिला चार कच्चे टाके मारले आणि म्हणाले, "रॉड संपले. आणतो. तू तेवढी प्लेट बसतेय का बघ."

ते मागच्या खोलीत गेले असतील असं मला वाटलं. मी गाडीसमोर मांडी घालून बसले. प्लेटची एक कड किंचित वर आली होती. ती मी हातोडीने दाबत होते.

तेवढ्यात...

ठक ठक.

अगदी जवळून. पेटीच्या पलीकडच्या अंगाने आल्यासारखं.

हे परत आले, मुखवटा लावून पलीकडे बसले, असंच मी समजले. म्हणजे तेवढंही समजले नाही. हात चालला फक्त. मी तोंड फिरवलं, डोळे मिटले, आणि...

ठक.

लगेच सुरू झालं. तो ओळखीचा चरचर आवाज. जळक्या लोखंडाचा वास. मिटलेल्या पापण्यांवर लाल उजेड. माझ्या हातातली प्लेट तापू लागली. हातमोज्यातूनही चटका लागेल इतकी.

नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललंय, असं वाटलं.

मग दुसरं काहीतरी जाणवलं. समोरची गाणी बंद होती. कॉम्प्रेसर बंद होता. सगळ्या गल्लीत दुसरा आवाजच नव्हता. फक्त चरचर.

मग तीही थांबली.

मी शेवटच्या ठोक्याची वाट बघत डोळे मिटून बसले.

ठोका आला नाही.

"अगं," मागून, शेडच्या दारातून ह्यांचा आवाज आला. "डोळे मिटून काय बसलीस?"

मी डोळे उघडले. गाडीच्या पलीकडे कोणी नव्हतं. हे दारात उभे होते, हातात दुकानातून आणलेली रॉडची पेटी.

"तुम्ही आत्ता वेल्डिंग करत होता ना?"

"मी? मी कोपऱ्यावरच्या दुकानात होतो. आणि करणार कशाने? मघाशीच लाइट गेलीय."

मी वर बघितलं. पंखा थांबलेला होता. वेल्डिंग मशीनचा दिवा विझलेला होता. पण माझ्या हातमोज्याच्या बोटांतून धूर निघत होता.

ह्यांनी तो बघितला. मग प्लेटजवळ वाकले. बाहेरून नवी शिवण कुठेच नव्हती, तेच चार कच्चे टाके. पण प्लेटच्या कडेने सगळीकडे लोखंड निळं पडलं होतं. वेल्डिंगच्या उष्णतेने पडतं तसं.

त्यांनी बॅटरीवरचा छोटा ग्राइंडर घेतला आणि चारही टाके कापले. आता प्लेट खाली पडायला हवी होती.

पडली नाही.

मोठ्या पहारीने उचकटून बघितलं. हलेना.

पेटीत पाणी साठू नये म्हणून खाली एक भोक ठेवलेलं असतं. ह्यांनी त्याला मोबाइलचा उजेड लावला आणि डोळा भिडवला. बराच वेळ तसेच राहिले. मग मागे सरकून जमिनीवर बसलेच.

"आतून आहे," म्हणाले.

"काय आतून आहे?"

"शिवण. चारी बाजूंनी. आतून मारलीय."

मीही बघितलं. ती शिवण मी मरेपर्यंत विसरणार नाही. ताजी, चमकणारी, माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी. इतकं सुरेख काम ह्यांच्यानेही होत नाही. आणि ते बंद पेटीच्या आत, जिथे माझी मूठसुद्धा जेमतेम मावेल.

"खवले उलट्या बाजूला झुकलेत," हे म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "डावखुरा हात आहे. हा हात मी ओळखतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण डावऱ्याबद्दल मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं. उस्तादांकडे दोनच शिष्य होते, हे आणि डावऱ्या. दोघं सख्ख्या भावांसारखे. डावऱ्याने आमच्या लग्नाआधीच गाव सोडलं, स्वतःची पिकअप बांधली. एका पावसाळ्यात नदीवरच्या बुटक्या पुलावर पाणी आलं आणि गाडी मधेच अडकली. दारं उघडेनात. काठावर माणसं उभी होती, पण पाण्यात उतरायची कोणाची हिंमत होईना.

"आतून तो ठोकत होता म्हणे," हे म्हणाले. "दोनदा ठोकायचा. थांबायचा. पुन्हा दोनदा. लोकांना वाटलं, काच फोडायला बघतोय. मग आवाज यायचा थांबला."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"तो उत्तराची वाट बघत होता गं."

मी माझ्या हातातल्या हातोडीकडे बघितलं. उत्तर कोणी दिलं होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ह्यांनी गाडीखाली शिरून चॅसिसवरचा काळा थर खरवडला. त्याखाली जुने जोड निघाले. तेच खवले. तसेच उलट्या बाजूला झुकलेले.

"बारक्या ही गाडी चालवणार नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी तो आला तेव्हा आम्ही सगळं सांगितलं. शेडमध्ये अजून लाइट नव्हती. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि फिसकन हसला.

"भाऊजी, निदान तुम्ही तरी! ताईचं ठीक आहे, तिच्या डोक्यात धूर गेलाय."

"बारक्या, मी चेष्टा करत नाहीये."

"ताई, उद्या पहिली खेप आहे. पहिल्याच दिवशी सांगू काय, की बंपरमध्ये माणूस आहे?"

"दुसऱ्या कोणाची तरी गाडी ने. उद्या लाइट आली की आम्ही तो बंपर कापतोय. विषय संपला."

"बरं बाई, बरं," तो म्हणाला. तो इतक्या पटकन ऐकणाऱ्यातला नाही, हे मला कळायला हवं होतं.

सकाळी उठून शेडमध्ये गेले तर गाडी नव्हती. बंपरचे बोल्ट ह्यांनी तपासून पक्के केलेलेच होते, आणि गाडीची दुसरी चावी बारक्याकडे होती. जमिनीवर ओल्या वाळूची रेघ दारापर्यंत गेली होती.

मी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. हे आमची जीप काढेपर्यंत त्याचाच फोन आला.

"ताई, आधी शिव्या दे, मग बोलू," तो हसत म्हणाला. "पण बंपर एक नंबर झालाय हां. गाडी कशी दबून चालते. फक्त पुढून जरा आवाज येतोय."

"कसला आवाज?"

"ठकठक. दोनदा येतो, थांबतो. पुन्हा दोनदा. एखादा बोल्ट ढिला असेल. तुमची ती कालची गोष्ट आठवली आणि म्हटलं, बघूया तरी. मीपण डॅशबोर्डवर एकदा ठोकलं." तो मोठ्याने हसला. "काय गंमत बघ... गप्पच बसलं!"

"बारक्या, गाडी थांबव. उतर. आत्ताच्या आत्ता उतर."

"अगं, पुलावर आहे मी. पलीकडे जाऊन..."

त्याचं बोलणं तुटलं. फोन मात्र चालू होता.

मी कानाला लावून ऐकत राहिले. आधी काहीच नाही. इंजिनचाही आवाज नाही.

मग... चरचर.

आम्ही जीप कशी हाकली ते आठवत नाही. नदी दिसली तशी भोंग्याचा आवाज आला. वरच्या धरणातून पाणी सोडणार असले की तो भोंगा वाजतो. पात्र तेव्हा कोरडं होतं. बुटक्या पुलाच्या मधोमध पिकअप उभी होती. एकटीच.

बारक्या आत बसलेला होता. स्टिअरिंगवर हात नव्हते. त्याने तोंड एका बाजूला फिरवलं होतं आणि डोळे घट्ट मिटले होते.

वेल्डिंग चालू असताना मी बसते, तसा.

मी दाराला हिसके दिले. हाका मारल्या. दार हलेना. दाराच्या फटीभोवतीचा नवा रंग फुगून आला होता आणि खालचं लोखंड निळं पडलं होतं. चारही बाजूंनी. दुसऱ्या दाराचंही तेच. मागून पाण्याचा घोंघाट यायला लागला.

ह्यांनी काचेवर हातोडी उगारली. मी त्यांचं मनगट धरलं.

"एकदा मारून थांबू नका!" मी ओरडले. "सलग मारा!"

त्यांना कळलं. त्यांनी वेड्यासारखे घाव घातले, मधे श्वाससुद्धा घेतला नाही. काच फुटली. बारक्याच्या काखांत हात घालून आम्ही त्याला बाहेर ओढलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते. काठावर पोचतो न पोचतो तोच पाणी पुलावरून वाहू लागलं. आम्ही तिघंही तिथेच दगडावर बसलो आणि मी बारक्याला कुशीत घेऊन रडले. लाज कसली त्यात!

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. "झालं का?" एवढंच विचारलं.

पाणी ओसरल्यावर क्रेनने गाडी काढली. क्रेनवाल्याने दाराला हात लावला आणि दार सहज उघडलं. दुसरंही उघडलं. आत कुठेही शिवण नव्हती. मग आम्ही बंपरकडे गेलो.

डावीकडची ती प्लेट तेवढी जागेवर नव्हती. पेटी उघडी होती...

रिकामी होती.

आत जे कोणी होतं, ते आता तिथे नव्हतं.

हे सगळं होऊन बरेच दिवस झाले. बारक्या ठणठणीत आहे. त्या सकाळचं त्याला काहीच आठवत नाही. जेवतो, हसतो, माझी खेचतो. डॉक्टर म्हणाले, धक्का बसला होता, बाकी काही नाही.

पण जेवताना त्याचा डावा हात ताटाशेजारी असतो. आणि कधीतरी बोलता बोलता त्या हाताची बोटं टेबलावर वाजतात.

ठक ठक.

मग तो थांबतो. वाट बघितल्यासारखा.

मी उत्तर देत नाही. हेही देत नाहीत. आमच्या घरात आता कोणी भांडं आपटत नाही. पेला ठेवताना मी खाली फडकं घालते. शेजारणीला वाटतं, मला डोकेदुखी जडलीय.

परवा मात्र माझ्या हातून पातेल्याचं झाकण निसटलं. तो नेमका ठोकून थांबला होता. झाकण ओट्यावर पडलं. एकच आवाज झाला.

ठक.

बारक्याने मान वर केली. घास त्याच्या डाव्या हातात होता. माझ्याकडे बघून शांतपणे हसला आणि म्हणाला,

"बरं, वहिनी."

बारक्या मला जन्मल्यापासून ताई म्हणतो. मला वहिनी म्हणेल असा ह्यांना भाऊ नाही, दीर म्हणावा असं मला कोणी नाही. ह्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. क्षणभराने बारक्याने घास उजव्या हातात घेतला आणि मीठ मागितलं. तू काय म्हणालास, असं आम्ही विचारलं तर म्हणाला, "कधी? मी कुठे काय बोललो?"

तेव्हापासून तो खोलीचं दार आतून लावून झोपतो. पूर्वी कधी लावत नव्हता. सकाळी उशीर झाला की मी बाहेर उभी राहून हाका मारते. बारक्या, ए बारक्या, उठ रे. घसा दुखेपर्यंत मारते. दार ठोठावत नाही.

बहुतेक वेळा आतून "आलो, ताई" असं उत्तर येतं.

बहुतेक वेळा.